गव्हातली नक्षी आणि आप्पांची तपासणी

गेल्या जुलैत आप्पा आमच्याकडं इंग्लंडात स्विंडनला आले होते. स्टोनहेंज दाखवलं, त्यांनी दहा मिनिटांत "बरंय, दगड आहेत" म्हणून निकाल लावला, मग म्हटलं चला क्रॉप सर्कल बघू, म्हणजे उभं पीक लोळवून शेतात काढलेली वर्तुळांची मोठी नक्षी. आमचा विल्टशायर परगणा म्हणजे त्याचं माहेरघर, एव्हबरी, आल्टन बार्न्स या पट्ट्यात दर उन्हाळ्यात काही ना काही निघतंच, २००१ ला मिल्क हिलवर तर ४०९ वर्तुळांची एकच नक्षी होती.

सापडायला मात्र जीव गेला. टेकडीवरून डिझाईन चक्क दिसत होतं पण खाली रस्त्यावर आलो की नुसता गहू. दोन चकरा मारल्यावर एका फाटकाला डबा लावलेला दिसला, पैसे टाका आणि आत जा अशी पाटी. डबा किंवा परवानगी नसेल तर आत शिरू नका, रान मालकाचं असतं. आणि चालायचं ते फवारणीच्या ट्रॅक्टरच्या चाकोरीतूनच, उभा गहू तुडवायचा नाही. आप्पांनी पाच पौंड टाकले आणि विचारलं, "नुकसानीचं कोण देतं रे ह्याला?"

मी तयारीत होतो, टेप, वही, कंपास सगळं. एक वर्तुळ मोजलं, १८ मीटर, दोन्ही बाजूंनी सारखंच. आप्पा तेवढ्यात उकिडवे बसून लोळलेला गहू हातानं बाजूला सारत होते. खाली फूटभर रुंदीचा पट्टा निघाला, त्यातल्या काड्या वेगळ्याच दिशेला दाबलेल्या. "हे बघ, आधी ही आखणी केली, मग वरून बाकीचा लोळवला. मधी खुंटी ठोकून दोर धरून फिरलाय कुणीतरी." मी त्यांना डग आणि डेव्हबद्दल अक्षरही बोललो नव्हतो हां! साऊथॅम्प्टनचे दोन म्हातारे, १९७० च्या दशकापासून फळी आणि दोर घेऊन रात्री हा उद्योग करायचे, १९९१ ला स्वतःच पेपरात कबूल केलं, वर १९९२ चं इग नोबेल, म्हणजे नोबेलच्या नावानं दिलं जाणारं गमतीचं बक्षीस, ते पण मिळालं.

तिथं एक बाई जमिनीतली अदृश्य शक्ती शोधायला म्हणून तांब्याच्या दोन तारा हातात धरून फिरत होत्या. त्यांनी काडी दाखवली, पेर बघा कसं वाकलंय, लांब झालंय, ही एनर्जी आहे म्हणे. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "एनर्जी कसली, पडलेला हिरवा गहू दोन दिवसांत पेरातनं मान वर काढतोच की. वादळात लोळला की आपल्याकडं बी असंच." खरंच, काडी जमिनीला टेकलेली, शेवटच्या पेराला कोपरासारखा वाक आणि ओंबी आभाळाकडं. मी बाईंना अर्धंच भाषांतर करून सांगितलं, उगाच कशाला वाद.

निघताना आप्पांनी पडलेल्यातली एक ओंबी तळहातावर चोळली, दाणा चिकात होता. "महिना आहे अजून काढणीला. पण हे आडवं मशीनला कसं घावणार?" आणि फाटकापाशी आल्यावर डब्यात अजून पाच पौंड.

रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला तर स्टोनहेंजचं नावही नाही, खिशातून दुसरी ओंबी काढून कॅमेऱ्यासमोर धरली आणि एकरी उतारा किती पडत असेल यावर दोघांचं अर्धा तास चाललं.