शेवटच्या बाकावरचे जोडपे

आमच्या कॅथोलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला (सामुदायिक उपासनेला) शेवटच्या बाकावर नेमाने येऊन बसणारे एक स्थलांतरित जोडपे मी कित्येक महिने पाहत होतो. धर्मग्रामाने, म्हणजे आमच्या चर्चच्या स्थानिक समुदायाने, त्यांना धान्य आणि कपडे दिले होते, त्यामुळे आपण त्यांचे स्वागत केले आहे, अशी आम्हा सर्वांची प्रामाणिक समजूत होती. एके दिवशी त्या गृहस्थांनी मला बाजूला घेतले आणि त्यांची भाषा जाणणारे धर्मगुरू कुठे भेटतील का, असे तुटक शब्दांत विचारले. पत्नीला पापनिवेदन करायचे होते, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापे कबूल करायची होती, आणि परक्या भाषेत ते तिच्या ओठांवर येत नव्हते.

बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात, परक्याला ‘घरात घेतले’ असा मराठी शब्दप्रयोग आहे. दारात उभे करून वाढणे वेगळे आणि घरात घेणे वेगळे, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही; तरीही आम्ही बरीच वर्षे दारातच वाढत होतो.

ख्रिस्तसभेला (कॅथोलिक चर्चला) मात्र ही गरज फार पूर्वीच उमगली होती. इटलीतील पिआचेन्झाचे बिशप जोव्हान्नी बात्तिस्ता स्कालाब्रिनी यांनी मिलानच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेला निघालेली तीन-चारशे माणसे पाहिली: फाटके कपडे, उन्हाने रापलेले चेहरे, वाकलेले म्हातारे, मुले कडेवर घेतलेल्या आया. या लोकांबरोबर त्यांच्या भाषेत बोलणारा धर्मगुरूही गेला पाहिजे, या जाणिवेतून त्यांनी १८८७ साली स्थलांतरितांसाठी मिशनऱ्यांचा संघ स्थापन केला. दोन वर्षांनी धर्मभगिनी फ्रान्सेस झेवियर काब्रिनी इटालियन स्थलांतरितांच्या सेवेसाठी न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा ठरलेली व्यवस्था कोलमडली होती आणि तिथल्या आर्चबिशपांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला; पोपनी आपल्याला इथे पाठवले आहे, असे सांगून त्या तिथेच राहिल्या. (स्वागत करायला आलेल्या व्यक्तीचेच स्वागत झाले नाही, हा तपशील मला फार बोलका वाटतो.) पुढे १९५२ मध्ये पोप बारावे पायस यांनी ‘एक्सुल फामिलिया’ या दस्तऐवजात, इजिप्तला पळून गेलेल्या पवित्र कुटुंबाला (योसेफ, मरिया आणि बाळ येशू यांना) सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले आणि स्थलांतरितांना त्यांच्या भाषेतील धर्मगुरू मिळावेत, यासाठी नियम घालून दिले.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात स्वागत, संरक्षण, विकास आणि सामावून घेणे अशी चार क्रियापदे मांडली. यांतले पहिले आम्हाला सहज जमते, कारण त्यात देणारा हात आपला असतो आणि तो वरच राहतो. चौथे मात्र जड जाते. सामावून घ्यायचे म्हणजे वाचनाला, गायनवृंदात, धर्मग्रामाच्या समितीत त्यांच्यासाठी जागा करायची, आणि मग काही बाबतींत त्यांचेही ऐकावे लागते. करुणा आहे असे आपण म्हणतो, पण इथे आल्यावर तिचे पाऊल अडखळते. माझेही अडखळले, त्या गृहस्थांना मी ‘बघतो’ म्हणालो आणि पुढचे दोन रविवार त्यांची नजर टाळत राहिलो.

अखेर दुसऱ्या धर्मप्रांतातून एक धर्मगुरू येण्यास तयार झाले. त्या जोडप्यासाठीच ते येत आहेत, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पापनिवेदनाच्या रांगेत अकरा जण उभे होते, आणि त्यांतल्या सात-आठ जणांना मी त्याआधी कधी पाहिलेच नव्हते.