शनिवारचा शेवटचा तास

स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र मिळाले. स्नेहसंमेलन, क्रीडांगण, सहली यांवर बाकीचे लिहितीलच. मला इंग्रजीच्या सरांच्या शनिवारच्या शेवटच्या तासाविषयी लिहायचे आहे. त्या तासाला एकच शब्द घ्यायचा आणि मुळापर्यंत न्यायचा.

आठवीत 'कॉस्ट' घेतला होता. सरांनी फळ्यावर रूपे एकाखाली एक मांडली: लॅटिन 'कॉन्स्तारे', बोलीतले 'कोस्तारे', जुन्या फ्रेंचमधले 'कोस्तेर', मग 'कॉस्ट'. 'कॉन्' म्हणजे एकत्र, 'स्तारे' म्हणजे उभे राहणे. वस्तू अमुक नाण्यांना 'उभी राहते', असे रोमन माणूस म्हणे. आपल्याकडे खर्च बसतो, एखादी गोष्ट महागात पडते. त्यांच्याकडे ती उभी राही.

मधला 'न' कुठे गेला? तोच बदल दुसऱ्या शब्दात सापडल्याशिवाय सर पुढे जात नसत. 'स'आधीचा 'न' लॅटिन बोलण्यात पडे. म्हणून टेबल लॅटिनमध्ये 'मेन्सा', स्पॅनिशमध्ये 'मेसा'. रोमन शिलालेखांत 'कॉन्सल' या पदाचा संक्षेपही 'कॉस' असाच कोरलेला असतो. फ्रेंचांनी पुढे 'स'सुद्धा सोडला, त्यांचे आजचे क्रियापद 'कूते' आहे. इंग्रजीने शब्द १३व्या शतकाच्या सुमारास उचलला, त्यामुळे तिथे 'स' टिकला.

वर्गातल्या एकाने 'कोस्ट' म्हणजे किनाराही त्याच कुळातला ठरवला. सर रागावले नाहीत. शेजारी दुसरी ओळ मांडली: लॅटिन 'कोस्ता' म्हणजे बरगडी, त्यावरून बाजू, बाजूवरून किनारा. कूळ निराळे. उच्चार जुळला की नाते जोडायचा मोह होतो आणि व्युत्पत्ती तिथेच फसते. आधी जुने रूप शोधायचे, मग अर्थाची एकेक पायरी उतरायची. भाषांतर हा आज माझा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि शब्द अडला की मी हाच क्रम धरतो.

शेवटी सरांनी 'स्तारे'शेजारी संस्कृत 'स्था' लिहिला. दोन्ही एकाच मूळ धातूतून आलेले. 'कॉन्' आणि 'सम्' यांचे मूळ मात्र एक नाही, फक्त अर्थ जवळचा, हे त्यांनी बजावून सांगितले. सम् अधिक स्था म्हणजे संस्था: आपली शाळा चालवते ती.

हा तास आता वेळापत्रकात नाही, असे कळते. याचे फार वाईट वाटते. संचालक मंडळाने तो पुन्हा सुरू करावा. ग्रंथालयासाठी इंग्रजी व्युत्पत्तिकोश मी देईन.