आमची वाटचाल : एका सांडशीपासून

आमच्या वर्कशॉपमध्ये भट्टीच्या उजव्या हाताला एक आडवी पट्टी आहे. तिच्यावर तापलेलं लोखंड धरायच्या एकतीस सांडश्या टांगलेल्या आहेत. भिंतीला लागून असलेली शेवटची सगळ्यांत ओबडधोबड, तिची एक दांडी दुसरीपेक्षा बोटभर लांब. ही आमची पहिली चालती सांडशी. व्यवसायाचं हे सातवं वर्ष, आणि अजूनही बारा मिलिमीटरची चौकोनी सळई धरायची असली की माझा हात तिच्याकडेच जातो.

सुरुवात मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने केली. मी वेल्डिंगच्या कामातून आलो, ती मशीन ड्रॉइंग करायची. घरात लोहारकाम कुणी केलेलं नव्हतं. भिंतीवरचे हूक, दारांच्या कड्या, फळ्यांचे ब्रॅकेट असा हाताने घडवलेला माल करायचा, एवढंच ठरलं होतं. ऐरण मिळाली, भट्टी आम्ही स्वतः बांधली, हातोडे होतेच. तापलेलं लोखंड धरायला काय वापरायचं याचा मात्र विचारच केला नव्हता. घरातली पक्कड घेतली आणि कामाला लागलो.

पक्कड तापलेल्या लोखंडासाठी नसते. दांड्या आखूड, त्यामुळे हात आगीच्या जवळ जातो. जाड सळई धरली की जबडे टोकाला उघडे राहतात आणि फक्त मागे टेकतात, म्हणजे सळई एका रेघेवर धरली जाते. घाव बसला की ती फिरते. ती फिरू नये म्हणून आपण मूठ आणखी आवळतो, आणि तासाभरात मनगट बधिर होतं. पहिल्याच मोठ्या ऑर्डरमध्ये चाळीस हूक होते. त्यातले तेरा पिळलेले निघाले, कारण प्रत्येक घावाला माल हातात वळत होता. त्याच दिवशी एक लालबुंद तुकडा पकडीतून निसटून बहिणीच्या बुटाशेजारी पडला. तिला काही झालं नाही, पण मी भट्टी विझवली. सांडशी झाल्याशिवाय दुसरं काही करायचं नाही, असं त्या संध्याकाळी ठरलं.

नवीन माणसाला पहिला प्रश्न पडतो तो आम्हालाही पडला: सांडशी घडवायला सांडशी लागते, मग पहिली कशी घडवायची? उत्तर सोपं आहे. सळई लांब ठेवायची. सोळा मिलिमीटरची चौकोनी सळई हातभरापेक्षा लांब घ्या. एक टोक आगीत आणि दुसरं टोक हातात. घडवायचं ते सगळं तापलेल्या टोकावर घडवा आणि अगदी शेवटी छिन्नीने तोडा. लोखंड साधंच हवं, ज्याला बाजारात एमएस (माइल्ड स्टील) म्हणतात. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो, त्यामुळे काम करताना तापलेली सांडशी पाण्यात बुडवली तरी ती ठिसूळ होत नाही. स्प्रिंगचं पोलाद जास्त मजबूत म्हणून पुष्कळ जण ते घेतात. ती सांडशी लाल असताना पाण्यात गेली की तडकू शकते. सांडशी तर दिवसातून दहा वेळा पाण्यात जातेच.

घडवण्यात तीन टप्पे आहेत. आधी टोकाचा दीड इंच भाग ऐरणीच्या अलीकडच्या कडेवर ठेवायचा आणि हातोडा निम्मा ऐरणीवर, निम्मा बाहेर असा मारायचा. जाडी निम्मी झाली की जबडा तयार. मग सळई पाव फेरा फिरवायची, पलीकडच्या कडेवर तिरकी धरायची आणि सांध्याचा भाग चपटा करायचा. पुन्हा त्याच दिशेने पाव फेरा, सळई थोडी पुढे सरकवायची, आणि तिथून दांडी सुरू होते. लोखंड नारिंगी-पिवळं असतानाच मारायचं. लाल मंदावला की परत आगीत. ठिणग्या उडायला लागल्या तर ते जळतंय, तो भाग गेला.

आमची पहिली जोडी इथेच फसली. एक अर्धा मी केला, दुसरा बहिणीने. दोन्ही सुबक झाले होते. सांधे समोरासमोर ठेवले, तर दोन्ही जबडे एकाच बाजूला, एकावर एक. अर्धा दिवस गेला होता. बहीण दोन्ही तुकडे हातात फिरवत बसली आणि म्हणाली, "दादा, मी उजवीकडे वळवलं, तू डावीकडे. आरशातले झालेत." आपल्या डोक्यात बसलेलं असतं की जोडी म्हणजे एक डावा, एक उजवा, चपलांसारखं. सांडशीचं तसं नाही. दोन्ही अर्धे हुबेहूब एकसारखे असतात, त्यातला एक उलटा करून दुसऱ्यावर बसवायचा. ओळखीच्या एका जुन्या लोहारकाकांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "दुसरा अर्धा करताना पहिला समोर ठेव. आठवणीवर करू नकोस." आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आजही हेच वाक्य सांगतो.

दुसरी जोडी जुळली, पण आठवड्यात मानेत, म्हणजे जबडा सांध्याला मिळतो तिथे, तुटली. तुटलेला भाग उजेडात धरून पाहिला. कोपऱ्यात एक काळी रेघ होती. आमच्या ऐरणीची कड धारदार होती, त्या कडेवर लोखंड दुमडून आत चीर गेली होती आणि प्रत्येक वेळी तापताना ती खोल होत गेली. आम्ही ऐरणीच्या कडेचा वीतभर भाग घासून गोल केला. त्यानंतर मान तुटली नाही.

तिसरी ती भिंतीजवळची. तिचा रिव्हेट, म्हणजे दोन्ही अर्धे जोडणारी खीळ, बसवतानाचा क्षण मला स्पष्ट आठवतो. दहा मिलिमीटरचा रिव्हेट, डोकं घडवायला जाडीच्या दीडपट, म्हणजे पंधरा मिलिमीटर बाहेर ठेवलेला. तो पिवळा असताना भोकात घातला आणि भराभर ठोकला. सांधा घट्ट आवळला गेला, दांड्या हलेनात. मला वाटलं, हीपण गेली. काकांनी सांगितलेलं बहिणीला आठवलं. तिने अख्खा सांधा परत लाल केला आणि तो काळा पडेपर्यंत दांड्या उघड-मीट, उघड-मीट करत राहिली. आधी जोर लागत होता, मग कमी, मग सांडशी एका हाताने चालायला लागली. त्यानंतर जबडे लाल करून मधे बारा मिलिमीटरचा तुकडा धरला आणि हलके घाव घालून त्यावर बसवले. जबडा पूर्ण लांबीभर टेकला. दांड्यांवर कडी सरकवली, मूठ सोडली, तुकडा हलला नाही.

पुढच्या ऑर्डरमध्ये एकही हूक पिळला नाही. आमचा धंदा त्या दिवसापासून धरला असं मी मानतो.

सांडश्या विकायचं आमच्या मनात नव्हतं. हूक घ्यायला आलेल्या एका हौशी माणसाने पट्टीवरच्या बघितल्या आणि मागितल्या, मग त्याच्या ओळखीच्यांनी. तिसऱ्या वर्षी एका अवजारांच्या दुकानाने पन्नास मागवल्या आणि आम्ही घाई केली. जबडे मोकळेच बसवले, कोणत्या मापाचा माल धरायचा हे न ठरवता. एकोणीस परत आल्या. तक्रार रास्त होती, सळई जबड्यात डुलत होती. सांडशी एका मापाची असते. बाराची सांडशी सहाची पट्टी टोकाला धरते आणि वीसची मागे धरते, दोन्ही वेळा ती सुटणार. त्या एकोणीसही आम्ही परत तापवून माप धरून बसवल्या आणि स्वतःच्या खर्चाने पाठवल्या. तेव्हापासून आमच्या प्रत्येक सांडशीच्या दांडीवर मापाचा आकडा ठोकलेला असतो.

पाचव्या वर्षापासून शिकवणी सुरू केली. दोन दिवस, एका वेळी चारच जण, आणि प्रत्येकाने स्वतःची सांडशी घडवायची. भंगारातलं लोखंड कुणी आणलं तर आधी आम्ही ते तपासतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पट्टी भट्टीत जाऊ देत नाही, त्या धुराने ताप येतो, छाती भरते. चष्म्याशिवाय हातोडा उचलू देत नाही. बाकी चुका करू देतो. ज्याला पूर्ण घडवणं जड वाटतं त्याला सोपी रीत देतो: वीस बाय सहाच्या पट्टीला ड्रिलने भोक पाडायचं, जबड्याचा भाग तापवून पाव पीळ द्यायचा, दोन्ही अर्ध्यांना एकाच दिशेने. दिसायला साधी, पण पहिल्या वर्षाचं काम ती करते. या रीतीला कमी लेखणारे लोहार मला भेटलेत. मला त्यांचं पटत नाही.

सध्या आम्ही गोल मालासाठी खोलगट जबड्याची सांडशी बसवतोय. तीन जोड्या झाल्यात. दोन धरतात. तिसरीचा एक जबडा अजून नखभर उंच आहे, ती उद्या पुन्हा भट्टीत जाईल.