अखेर एमजीबी माझी झाली

शाळकरी वयापासून जिचे चित्र वहीच्या मागच्या पानावर काढत आलो, ती एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन आसनी ब्रिटिश मोटार, अखेर माझ्या मालकीची झाली आहे. ती चालत नव्हती, हा भाग वेगळा. १९६२ साली बाजारात आलेल्या या मॉडेलला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, सारा भार पत्र्याच्या बॉडीवरच पडतो आणि छप्पर पक्के नसल्यामुळे दारांखालचे सिल हाच तिचा कणा ठरतो. नेमके तेच गंजले होते. गंजलेले सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार वेल्डिंगने बसवावे लागतात, कारण आधाराशिवाय कापल्यास गाडी मधोमध वाकू शकते आणि मग दारे नीट लागत नाहीत. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दार बसवून फटी तपासण्याचे कंटाळवाणे काम टाळता येत नाही. कौतुक सगळे रंगाचे आणि क्रोमचेच करतात, पण माझ्या मते पैसा आधी या न दिसणाऱ्या पत्र्यावर खर्च व्हावा.

इंजिन त्यामानाने सोपे निघाले. १७९८ सीसीच्या या चार सिलिंडरच्या इंजिनाला एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (हवा आणि इंधन मिसळणारे भाग) असतात आणि दोन्हींतून सारखीच हवा जावी लागते. ती मोजण्याची उपकरणे मिळतात. मात्र रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा आवाज ऐकण्याची जुनी पद्धत मला अधिक भावते. दोन्हींकडून एकाच पट्टीतला आवाज येईपर्यंत स्क्रू हलकेच फिरवीत राहायचे आणि त्यानंतरच इंधनाचे मिश्रण जुळवायचे. आता वायरिंग आणि सीटचे काम तेवढे उरले आहे.