डावीकडं खानदेश, उजवीकडं मराठवाडा

पायाचं आज काही खरं नाही. मारुतीच्या मंदिरात पथारी टाकलीय, फोन बारा टक्के, तेवढ्यात होईल तेवढं लिहून घेतो.

कन्नडपासून अजिंठ्यापर्यंत डोंगराच्या माथ्यानंच चालत जायचं, मधी अंतूर, मग वेताळवाडी, जंजाळा हे किल्ले, असं मी अन् दाजींनी दिवाळीच्या आधी ठरवलं होतं. कुणी आखून दिलेली वाट नाही, बाण बिण काही नाही, बैलगाडीचे रस्ते, गुरांच्या वाटा अन् भेटेल त्याला विचारत जायचं. सह्याद्रीतल्या किल्ल्यावर कसं, दोन तास घाम गाळला की टॉप येतो, फोटो काढले की खाली. इथं चढ म्हणावा तसा नाहीच, सपाटीच संपत नाही, अन् ऑक्टोबरचं ऊन असलं की दहा वाजताच डोकं तापतं. मराठवाड्यात कुठंयत डोंगर असं पुण्यातले मित्र म्हणतेत ना, त्यांना एकदा या कडेला आणून उभं करायचंय. दक्षिणेकडं रान हळूहळू उतरत जातं, मका, कापूस, आद्रक, काहीच कळत नाही, अन् उत्तरेकडं एकदम कडाच तुटतो, खाली सगळा खानदेश पसरलेला. डावीकडं पडलेला पाऊस गिरणा-तापीतून अरबी समुद्राला जाणार अन् उजवीकडचा गोदावरीतून पार बंगालच्या उपसागराला. आपली पूर्णा याच डोंगरात उगम पावती, येलदरीचं धरण भरतं ते तिच्यावरच. परभणीत नळाला पाणी कधी येणार याची वाट बघत लहानाचा मोठा झालो, त्यामुळं ही गोष्ट मला किल्ल्यापेक्षा भारी वाटली, दाजींना नाही वाटली.

नागापूरकडून येताना मक्याच्या रानात एक म्हातारे मामा कणसं सोलत बसलेले. आमच्या सॅका बघून म्हणले, "गाडी बंद पडली का?"
"नाही ओ मामा, पायीच चाललोत, अजिंठ्याला."
"नवस हाय का?"
मी समजावून सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात दाजी म्हणले, हो, नवसच हाय. मग काय, मामांचा चेहराच खुलला, बाटल्या भरून दिल्या, वर डोळे उघडलेली सीताफळं. ती खायला जागच्या जागी बसलो, बोटं इतकी चिकट झाली की धुवायला अर्धी बाटली गेली अन् दाजींनी माझ्याकडं असं बघितलं की बस.

अंतूरच्या अलीकडं अहमदनगरच्या निजामशाहीतला मैलाचा दगड आहे, चारी बाजूंनी फारसीत कोरलेला, कुठल्या बाजूला कुठलं गाव, बुऱ्हाणपूर बिऱ्हाणपूर. म्हणजे ही वाट तेव्हा चांगली वाहती होती, आमच्यासारखे येडे नाही, खरी कामाची माणसं जायची. किल्ला लांबून दिसतच नाही नीट, कारण तो पठाराच्याच उंचीवर, अन् जवळ गेलं की कळतं मधला कातळ फोडून केवढा खंदक पाडलाय ते. खंदकात उभं राहून वर बुरुजाकडं बघितलं तर मान दुखते. छिन्नीच्या खुणा अजून स्पष्ट दिसतेत, तिरप्या, एकाखाली एक, मी हात फिरवत बसलो अन् दाजी घड्याळ दाखवत राहिले. वर तलाव आहे, पाणी हिरवं, आम्ही काही प्यालो नाही.

परत येताना रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आडवा गेला. संध्याकाळी गावात एका मावशींनी भाकर, येसरची आमटी अन् ठेचा दिला, पैसे घ्यायला तयारच नाहीत, शेवटी पोराच्या हातात ठेवले. डाव्या टाचेला फोड आलाय, सुई गरम करून फोडला, उद्या बूट नको, चप्पलवरच जाईन म्हणतो.

उद्याच्या टप्प्यात मधी पाणी कुठंय ते कुणीच नीट सांगंना. दाजी म्हणतेत माणशी पाच लिटर उचलायचं, मी म्हणतोय चार, अन् ते भांडण अजून मिटलेलं नाही.