तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीत एवढा शांत कसा?

रोज जाऊन-येऊन तीन तास गाडी चालवतो, आणि शेजारच्या सीटवर जो बसतो तो एकदा तरी विचारतोच, तू चिडत कसा नाहीस, अजून माणसात कसा राहिलायस? ध्यान करतोस का? नाही करत. पॉडकास्टही नाही. आणि शांत तर मी अजिबात नाहीये, तोंड बंद असतं एवढंच.

एकदा सांगूनच टाकतो. काही वर्षांपूर्वी एकाने इंडिकेटर न देता कट मारला. करकचून ब्रेक मारला, मागच्या सीटवरची बॅग खाली पडली आणि माझं डोकंच फिरलं. लागलो त्याच्या मागे. अप्पर-डिप्पर, हॉर्न, सगळं. माझं वळण गेलं तरी मी आपला त्याच्या गाडीला चिकटून, ताशी ८० ने, म्हणजे सेकंदाला २२ मीटर, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एखादा सेकंद जातो हे तेव्हाही मला माहीत होतं, दुसऱ्यांना ऐकवायचो मी हे. शेवटी त्याने गाडी बाजूला घेतली. मीही उतरलो, पहिली शिवी ओठांवर तयार. त्याने काच खाली केली आणि घाबरून विचारलं, "काय झालं? गाडीतून काही पडलं का माझ्या?"

कट मारल्याचा त्याला पत्ताच नव्हता.

मी म्हणालो, "डिकी नीट लागली नाहीये तुमची." लागलेली होती. तो उतरला, डिकी उघडून परत आपटली, दोनदा दाबून बघितली आणि म्हणाला, "एवढ्यासाठी इतक्या लांब मागे आलात, थँक्यू हं." परत येताना मला नीट स्टिअरिंग धरवेना.

आता तेव्हाचा मी अजूनही भांडतो, की चूक त्याचीच होती ना? होतीच. इंडिकेटर द्यायला काय जातं? तिथे मी माघार घेणार नाही.

ट्रॅफिक जॅमचं मात्र जमतं. २००८ मध्ये जपानी संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना सारख्या वेगाने चालवायला सांगितलं, सिग्नल नाही, खड्डा नाही, तरी थोड्या वेळात जॅम झाला. कोणीतरी जरासा वेग कमी करतो, मागचा जरा जास्त, त्याच्या मागचा थांबतोच. दोषी कोणीच नाही. अडकलो की मी हे आठवतो आणि खरंच बरं वाटतं. पण कट मारणाऱ्याला हा प्रयोग लागू होत नाही, तिथे दोषी समोर दिसतो, नंबरप्लेटसकट.

आणि कौतुक करण्याआधी माझ्या घरी विचारा. तीन तास गिळलेला राग दार उघडल्यावर कोणाच्या अंगावर निघतो ते त्यांना माहितीये.

परवा अजून एकाने तसंच केलं. हात हॉर्नवर गेलाच, पण नजर आधी डिकीवर गेली. नीट लागलेली होती.

मग वाजवला हॉर्न.