तुम्ही विचारलंत म्हणून: सुरुवातीला काय जाणवलं?

काचबिंदूचं निदान झाल्यापासून लग्नघरात, एसटीत, फोनवर मला एकच प्रश्न येतो: सुरुवातीला नेमकं काय जाणवलं? काहीच नाही, असं म्हटलं की समोरच्याला पटत नाही. "थोडं धूसर तरी? डोकं दुखायचं का?" मग मी दुखणं अंगावर काढलं, असं परस्पर ठरतं. नाही काढलं. काढण्यासारखं काही नव्हतंच.

मी चाळिशीचा चष्मा करायला गेले होते. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. डोळ्याचं प्रेशर १८ निघालं. १० ते २१ ठीक समजतात. दुकानात नुसता नंबर काढून घेतला असता, तर विषय तिथेच मिटला असता. पण डॉक्टरांनी थेंब घालून मागचा पडदा तपासला आणि विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू?" डोळ्याच्या नसेच्या तोंडाशी सगळ्यांनाच एक खळगा असतो. माझ्या डाव्या डोळ्यातला फार खोल गेला होता. प्रेशर ठीक असूनही नस वाळते, हे मला तेव्हा कळलं.

मग फील्ड टेस्ट, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी. अंधारी खोली, एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली. पांढऱ्या अर्धगोलात मधल्या पिवळ्या दिव्यावर नजर ठेवायची, कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजवा डोळा झरझर झाला. डाव्याला काही ठिपके दिसले आणि थांबले. मी बटणावर अंगठा ठेवून वाट पाहत राहिले. पुन्हा एखादा दिसला, पुन्हा बराच वेळ काही नाही. शेवटी म्हटलं, "ताई, मशीन बंद पडलंय बहुतेक." ती म्हणाली, "चालू आहे काकू. दिसेल तेव्हाच दाबा." मग मी कान दिला. आतून बारीक आवाज येत होता. ठिपके येत होते, जात होते, माझ्यासमोरच, आणि मला तिथे स्वच्छ पांढरा पृष्ठभाग दिसत होता. तोंडाला कोरड पडली. मी नंतर दोनदा उगीचच बटण दाबलं. कागद हातात आला तेव्हा नाकाकडच्या वरच्या भागात काळा पट्टा होता.

तो काळा रंग फक्त कागदावर. डोळ्याला काळं काही दिसत नाही. गेलेली जागा मेंदू आजूबाजूच्या चित्राने भरून टाकतो, उरलेलं दुसरा डोळा सांभाळतो.

"पण तुमच्या आत्यांना तर त्रास झाला होता." झाला होता, कारण तिचा प्रकार वेगळा. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अचानक बंद झाली होती. दिव्याभोवती रंगीत वलयं, एका बाजूचं कपाळ ठणकणं, डोळा लाल, उलट्या. घरच्यांनी पित्त म्हणून सुंठ-साखर दिली. असं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, रात्र असली तरी. पण अशा त्रासाची वाट बघत बसाल, तर माझ्यासारखा काचबिंदू कधीच सापडणार नाही.

पहिल्या वर्षी मीच लोकांना सांगायचे की फडताळाच्या उघड्या दारावर डोकं आपटायचं, ती खूण होती. आता तसं म्हणवत नाही. उजवा डोळा तेव्हा धडधाकट होता, त्याला दार दिसायलाच हवं होतं. आणि तरी, आपटायचं ते डावीकडेच. कधी वाटतं ती खूण होती, कधी वाटतं लोकांना काहीतरी हवं होतं म्हणून मी ती शोधली.

थेंब रोज रात्री घालते. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं.

आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला असेल, तर धोका कितीतरी पटींनी जास्त. माझा धाकटा भाऊ ४३ वर्षांचा आहे. पडदा तपासून घे म्हटलं की तो म्हणतो, "ताई, मला काही त्रासच नाही गं." अपॉइंटमेंट मी घेऊन ठेवली आहे.